पायाखालचा पत्रा

भाद्रपदाची शेवटची झड ओसरते, उन्हाला पुन्हा धार येते, त्या आठवड्यात सकाळी फाटकाची कडी सरकवली की तळहाताला एक वास लागतो. आंबूस, रक्ताच्या जवळचा, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. लोक त्याला लोखंडाचा वास म्हणतात. लोखंडाला वास नसतो. आपल्याच कातडीवरचा तेलकटपणा लोखंडाशी प्रक्रिया करतो आणि त्यातून जे द्रव्य तयार होते, ते नाकाला लोखंड वाटते. म्हणजे वास आपला; नाव मात्र लोखंडाचे. हे मला पदवीच्या दुसऱ्या वर्षी कळले आणि त्याचा उपयोग काहीही झाला नाही.  वास आला की अजूनही आमच्या ट्रकचा तो एक हंगाम आठवतो, पावसाळा संपता संपता सुरू झालेला आणि दसऱ्याच्या सकाळी संपलेला.

यंदा तो फाटकाच्या कडीच्याही आधी आठवला. गंगापूर रस्त्यावर एक नवे कॅफे उघडले आहे. ऑफिसमधली मैत्रीण आग्रहाने घेऊन गेली. तिथल्या भिंतीवर एका जुन्या ट्रकचे दार टांगले आहे. खालची कड कुरतडल्यासारखी, निळ्या रंगाच्या खपल्या, खपल्यांखालून डोकावणारे तांबूस, तपकिरी, नारिंगी थर, आणि या सगळ्यावर मुद्दाम सोडलेला पिवळा दिवा.

"कसलं भारी टेक्स्चर आहे ना!" मैत्रीण म्हणाली.

मी कप खाली ठेवला. दाराच्या खिडकीपासून खाली उतरत रुंद होत गेलेला एक लांब ओघळ होता. तो कशाचा आहे, हे त्या खोलीत बहुधा मला एकटीलाच कळत होते.

"थुंकीचा आहे तो," मी म्हटले.

"काय?"

"ड्रायव्हरच्या बाजूचं दार आहे हे. वर्षानुवर्षं तंबाखू थुंकली की असाच ओघळ पडतो."

तिने आपला कप लांब सरकवला. "तुझ्याबरोबर कुठे यायचीच सोय नाही."

बरोबर होते तिचे. पण गंजाकडे कौतुकाने पाहणाऱ्या माणसांविषयी मला जे वाटते त्याला सौम्य शब्द मला सापडत नाही. गंज म्हणजे काळाची नक्षी नव्हे. गंज म्हणजे कोणीतरी वेळेवर न केलेले काम.

आमचा ट्रक नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी शाळेत जायच्या आधी घेतला. घेतला तेव्हाच तो जुना होता. नाना स्वतः चालवत. हंगामात लासलगावचा कांदा, एरवी जे मिळेल ते. पावसाळ्यात काम मंदावले की आडगाव नाक्याजवळच्या आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत तो गवतात उभा असे, चाके चिखलात रुतवून, एखाद्या भिजत्या म्हशीसारखा. ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी त्याची पासिंगची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याच्या तपासणीची, मुदत दसऱ्याच्या तोंडावर येत होती. पासिंग झाले नाही तर नानांना दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून बसावे लागले असते. हे ते बोलून दाखवत नसत. मात्र त्या दिवसांत ते घरात कमी आणि ट्रकभोवती जास्त फिरत.

नाक्यावर हनीफचाचांचे डेंटिंग-पेंटिंगचे दुकान होते. पत्रा ठोकणे, कापणे, जोडणे, रंगवणे, सगळे तेच करत. मी नानांबरोबर गेले होते.

"चाचा, आठवडाभर काढा की आमच्यासाठी," नाना म्हणाले.

"नाना, दसऱ्यापर्यंत मला जेवायला टाइम नाय. अख्ख्या नाशिकला आपली गाडी नवरी करून पायजे." चाचांनी मागे उभ्या असलेल्या रांगेकडे हात केला. "आणि तुमच्या गाडीला आधी आंघोळ घाला. परवा रस्त्यावरून गेलो, तर वास माझ्या स्कूटरच्या मागे लागला."

"मी करते," मी म्हटले.

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, रसायनशास्त्र घेऊन, आणि धातूंच्या क्षरणाचे प्रकरण नुकतेच संपवले होते. विभागाच्या पोस्टर स्पर्धेसाठी विषय शोधत होते. पुढे संशोधन करायचे, तेही नाशिकच्या बाहेर, हे मी ठरवून टाकले होते. "गंज म्हणजे माझाच विषय आहे."

"घ्या," चाचा हसले. "गंजाला पण मॅडम मिळाली."

ट्रक सगळीकडे सारखा गंजत नाही. पहिल्याच दिवशी मी वहीत त्याची आकृती काढली, गंजलेल्या जागा लाल पेन्सिलीने भरल्या आणि चकित झाले. तो नकाशा हवेचा किंवा पावसाचा नव्हता. तो सवयींचा नकाशा होता.

मागे माल भरायच्या हौद्यात कांद्याचे पाणी मुरले होते. भिजलेला कांदा गोणीत सडला की त्यातून पिवळसर चिकट रस सुटतो, फळ्यांच्या फटींतून झिरपतो आणि खालच्या लोखंडी पट्ट्यांवर जाऊन वाळतो. वाळतो म्हणजे वरून. आतून तो महिनोन्‌महिने ओला राहतो. त्याचा वास सडके अंडे आणि न धुतलेला बनियन यांच्या मधे कुठे तरी बसतो. उलथन्याने खरवडला की त्याच्या पाकासारख्या तारा निघत आणि त्या तारा माझ्या मनगटाला चिकटत. समोरच्या काचेखालच्या खोबणीत मागच्या दसऱ्याचा झेंडूचा हार होता. हार म्हणजे त्याचा काळा लगदा. तो वर्षभर तिथे पाणी धरून बसला होता आणि त्याच्या आकाराचा गंज पत्र्यावर छापल्यासारखा उमटला होता. उजव्या दाराच्या आतली पट्टी काढली तर उंदरांनी जुन्या कॅलेंडरचे तुकडे करून केलेले घरटे निघाले. त्यात सुपारीएवढी तीन वाळलेली पिल्ले होती. मी दहा मिनिटे गवतात जाऊन उभी राहिले आणि परत आले.

आणि त्याच दाराच्या बाहेरून तो ओघळ. मी नानांना तो दाखवला.

"चुना असतो त्यात," नाना शांतपणे म्हणाले. "चुन्यानं लोखंड टिकतं."

दुर्दैव असे, की तत्त्वतः त्यांचे म्हणणे बरोबर होते. चुन्याच्या संगतीत लोखंड गंजायला खरेच तयार नसते. पण थुंकी म्हणजे काही चुना नव्हे.

"नाना, चुन्याच्या जोडीला बाकीचं पण असतं."

"ते नको सांगू सकाळी सकाळी," असे म्हणून नाना पलीकडे वळले आणि गवतात थुंकले.

सगळ्यात वाईट होती ती चालकाच्या पायांखालची जागा. उन्हाळ्यात इंजिनाची धग केबिनच्या तळातून वर येते आणि पाय भाजतात. त्यावर आमच्याकडच्या ड्रायव्हरांची एक रीत आहे: पायाखाली गोणपाट अंथरायचे आणि त्यावर अधूनमधून पाणी शिंपडायचे. आमच्याकडे त्या रीतीला आईने आपली भर घातली होती. ती गोणपाटाच्या दोन थरांमध्ये वाळ्याच्या मुळ्या घालून गादीसारखी शिवून देई. भिजली की गार वाऱ्यासारखा वास येई. नाना ते इतर ड्रायव्हरांना दाखवत. "आमच्या घरचा एसी," म्हणत. जुने विरले की आई नवे शिवी, आणि नाना जुने काढून न टाकता त्यावरच नवे अंथरत.

मी त्या थरांची कड धरून उचलली तेव्हा ते उचलले गेले नाही, सोलले गेले. खाली काळा बुळबुळीत चिखल होता. शेंगांची टरफले, बिडीची थोटके, खोबऱ्याचा हिरवट झालेला तुकडा, आणि या सगळ्यातून उगवलेल्या फिकट, बारीक देठांच्या अळंब्या. एक गोम निवांत चालत पेडलखाली गेली. आणि या सगळ्या घाणीत वाळ्याचा वास शिल्लक होता. सडलेला, गोडसर, पण ओळखू येईल असा. मला ओकारी आली ती घाणीमुळे नाही, त्या वासामुळे. आईने कोणत्या दुपारी बसून ते टाके घातले असतील ते मला आठवत होते. त्या ओलीमागची माया लोखंडाला काय कळणार! त्याला पाणी कळते आणि हवा कळते.

पुढचे तीन आठवडे मी नारिंगी झाले. तारेच्या ब्रशने घासायचे, उलथन्याने खपल्या काढायच्या, पॉलिश पेपर फिरवायचा. तोंडाला रुमाल बांधूनही नाकातून तांबडे निघे. अंघोळीचे पाणी मोरीत तांबूस वाहत जाई. भाताला लोखंडाची चव लागे, आणि ती जिभेवरूनच येते आहे हे माहीत असूनही मी ताट बाजूला सारत असे. बॅटरीच्या टोकांवर फुललेला पांढरा-हिरवा बुरशीसारखा क्षार मी खाण्याच्या सोड्याने धुतला. तो फसफसला आणि त्याचा एक शिंतोडा ओठावर आला. नाना इंजिनाचे जुने ऑइल काढत, दोन बोटांत चोळून नाकाशी नेत आणि त्याच बोटांनी तंबाखू मळत. मी ते पाहायचे टाळले. मग त्यांनी मला चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडांत ग्रीस भरायला शिकवले. पंपाने नवे ग्रीस आत गेले की दुसऱ्या बाजूने जुने बाहेर येते, माती आणि लोखंडाचा कीस खाऊन काळे झालेले, जखमेतून यावे तसे. "सगळं काळं निघेपर्यंत थांबायचं नाय," नाना म्हणत. "मधीच थांबली तर आतली घाण आतच राहती."

मला त्या वाक्याकडे तेव्हा लक्ष द्यायला हवे होते.

घासताघासता मी विचार करत असे, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते. आमच्या स्वयंपाकघरातल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यावरही हवेने थर चढतो. पण तो घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा थर तसा नाही. तो सुटतो, गळतो आणि खालचे कोरे लोखंड हवेच्या हवाली करतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून गंजलेला पत्रा फुगतो. फुगतो म्हणून जाड दिसतो आणि जाड दिसतो म्हणून मजबूत वाटतो. यापेक्षा किळसवाणी लबाडी मला निसर्गात दुसरी माहीत नाही. माणसांत आहे.

उरलेल्या गंजावर रंग थापायचा नाही, हे मी ठरवले होते. तसे नाना दरवर्षी करत. खाली गंज, वर लांबी म्हणजे भरणीचा लगदा, त्यावर रंग, आणि पुढच्या पावसाळ्यात सगळे एकत्र सुटून हातात. त्याची मला शिसारी होती. मला रासायनिक उत्तर हवे होते. टॅनिन नावाची आम्लधर्मी द्रव्ये गंजाशी संयोग पावतात आणि त्याचा काळा, टिकाऊ थर बनतो, हे मी वाचले होते. बाजारात तसली तयार औषधे मिळतात. पण पोस्टरवर बाजारची बाटली काय दाखवणार? हिरड्यात टॅनिन भरपूर असते. मी भद्रकालीतल्या काष्ठौषधीच्या दुकानात गेले.

"दोन किलो हिरडा द्या."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिले. "दोन किलो? किती दिवसांपासून त्रास आहे?"

"मला नाही. ट्रकला."

"ट्रकला," त्याने गंभीरपणे मान डोलावली. "मग बरोबर आहे. मोठं पोट."

हिरडा मी जर्मनच्या जुन्या पातेल्यात उकळला. घरभर ओल्या चामड्याचा, चपलांच्या गोदामाचा वास झाला. आई दारात येऊन उभी राहिली. "हे पातेलं आता परत आत आणू नकोस," एवढेच म्हणाली. गाळलेला काढा ब्रशने गंजावर फिरवला, आणि त्या सबंध हंगामातला एकमेव सुंदर क्षण घडला. नारिंगी रंग माझ्या डोळ्यांसमोर जांभळा झाला, मग निळसर, मग दाट काळा. तीन आठवड्यांची घाण एका ब्रशाखाली शांत झाली. मी नानांना हाक मारली. ते आले, वाकले, बराच वेळ पाहत राहिले.

"हे शाळेत शिकवतात?" त्यांनी विचारले.

"कॉलेजात."

"मला वाटायचं, तिथं नुसती पुस्तकं असतात."

मी फोटो काढले. आधीचे, नंतरचे, बाजूला मोजपट्टी ठेवून. पोस्टरसाठी सगळ्यात चांगला फोटो चालकाच्या पायांखालच्या भागाचा आला, कारण तिथला फरक सर्वांत मोठा होता.

आता ते लिहायला हवे. त्या भागात एक आडवी लोखंडी पट्टी आहे. ब्रेकचे पेडल तिच्यावर बोल्टने बसवलेले असते. ती पट्टी घासताना पापडाएवढी एक खपली निघाली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. ब्रशचा लाकडी दांडा हातातून सुटून पट्टीवर आपटला आणि ढप्प असा आवाज आला. चांगले लोखंड असा आवाज करत नाही. मी ऐकला. मी क्षणभर थांबले. टॅनिन गंजाच्या वरच्या पातळ थरावर चालते, जाड पोकळ थराच्या आत पोहोचत नाही, हेही मला ठाऊक होते. टॅनिनची माहिती होती त्याच पानावर खाली लिहिलेले होते. मग मी त्या जागी काढ्याचे दोन हात जास्त दिले.

गाडी तपासणीला गेली तेव्हा मीही गेले. तपासणाऱ्यांनी दिवे पाहिले, चाके पाहिली, खाली वाकून केबिनचा तळ पाहिला आणि नानांना म्हणाले, "चांगली ठेवलीय गाडी." नाना त्या दिवशी नाक्यावर प्रत्येकाला थांबवून सांगत होते. "रंग नाय हा. हिरडा हाय. आमच्या पोरीनं केलं." ड्रायव्हर येऊन वाकून बघत. एकाने विचारले, "लय भारी! खाज उठली तर याला लावून चालंल का?" त्याच आठवड्यात विभागात माझ्या पोस्टरला पहिला क्रमांक मिळाला. मी दोन्ही बातम्या एकाच ताटात वाढल्यासारख्या जेवताना सांगितल्या. मला झोपही चांगली लागली. ही गोष्ट मला आज सर्वांत जास्त किळसवाणी वाटते, त्या उंदरांच्या पिल्लांपेक्षाही.

हल्ली मी सातपूरच्या एका कारखान्यात, गाड्यांच्या सुट्या भागांवरचा रंग आणि गंज तपासण्याच्या विभागात काम करते. आमच्याकडे खारट धुक्याची पेटी आहे. तिच्यात पत्र्याचे नमुने दिवसेंदिवस ठेवले जातात आणि ते कुठून सडायला लागतात हे मी लिहून ठेवते. नवीन लागलेली मुले तक्ता भरताना नमुन्याकडे नुसते पाहतात. मी टेबलाच्या खणातून छोटी हातोडी काढून देते. ती एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. त्याच खणात तळहाताएवढा पत्र्याचा एक तुकडा आहे. वरून काळा, तुळतुळीत, बोट फिरवले तर गार आणि गुळगुळीत. उलटा केला की खालून भुगा पडतो. तो मी कोणाला दाखवत नाही. त्या कॅफेवाल्याला दिला तर तो त्याची चौकट करेल.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. नानांचे पाने, जॅक, टॉमीची सळई, हातोडी, सगळे पुसून अंगणात पाटावर मांडायचे, हळदीकुंकू वाहायचे. त्या वर्षी आईने माझा तारेचा ब्रशही मांडला आणि त्यावर झेंडूचे फूल ठेवले. एकदा पूजेत मांडलेले हत्यार दसऱ्याला दुपारी पूजा उचलेपर्यंत कोणी हातात घ्यायचे नाही, असा आमच्या घरचा नेम. त्या काळात अडला तरी खिळा ठोकायचा नाही. नाना एरवी देवाधर्माचे फारसे काही करत नसत, पण हा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी ट्रक भरून उभा होता. कांदा गुजरातेत जायचा होता, पेठच्या घाटातून. पासिंगनंतरची पहिली फेरी. पुढे झेंडूचा हार, आंब्याची पाने, चारही बाजूंच्या चाकांखाली लिंबे. पायाखाली आईने नुकतेच शिवलेले नवे गोणपाट, वाळ्याच्या ताज्या मुळ्यांचे. नाना तंबाखू मळून तोंडात टाकून स्टेअरिंगवर बसले होते आणि इंजिन तापू देत होते.

हनीफचाचा दर दसऱ्याला आपण दुरुस्त केलेल्या गाड्या पाहत फिरत आणि घरोघरी पेढा खात. आमचे काम त्यांनी केले नव्हते, तरी ते आले. पेढा तोंडात टाकून, उघड्या दारातून डोके आत घालून त्यांनी तळाकडे पाहिले.

"काय चमकतंय! बुटाला पॉलिश केल्यासारखं. ठोकून पाहिलं का, बेटा?"

मी हारातले सुटलेले फूल नीट खोवू लागले.

"मी पहिले ठोकतो, मग बघतो," चाचा म्हणाले. "डोळा लबाड हाय. कान नाय. आता तर माझे डोळे पण गेले, म्हणून धंदा बरा चाललाय." ते हसले आणि दुसरा पेढा घ्यायला आईकडे वळले.

पेठच्या घाटाचा उतार मला माहीत होता. लहानपणी मी तिथे नानांच्या शेजारी बसून गेले आहे. भरलेली गाडी मागून ढकलते आणि वळणावळणाला नाना पेडलवर जवळजवळ उभे राहतात. मला तो पाय दिसला. मला ती पट्टी दिसली. ढप्प हा आवाज मी सतरा दिवस कुठे ठेवला होता तेही मला कळले. तो हरवलेला नव्हता.

माझ्यापुढे अजूनही एक सोपा मार्ग होता: गप्प राहायचे. कदाचित पट्टी टिकली असती. गंजाच्या बाबतीत हा ‘कदाचित’ नेहमीच हाताशी असतो.

मी पाटापाशी गेले आणि हातोडी उचलली. कुंकू बोटांना लागले.

"अगं! पूजा उचलली नाही अजून!" आई ओरडली. "ठेव ती खाली!"

मी ट्रकवर चढले. "नाना, इंजिन बंद करा. पाय वर घ्या."

"काय झालं?"

"पाय घ्या ना वर."

त्यांनी घेतले. मी आईचे गोणपाट बाजूला केले. आधी कडेला एक ठोका दिला, जिथे पत्रा चांगला होता. ठण्ण. मग पट्टीवर. ढप्प. नानांनी मान वळवली. तो आवाज त्यांनाही समजला होता. मी हात मागे घेऊन जोराने मारले, आणि हातोडीचे डोके पट्टीत शिरले. त्याला आवाजही फारसा झाला नाही. ओल्या बिस्किटात बोट जावे तसे ते गेले. हातोडी ओढून काढली तेव्हा नारिंगी भुगा उडून माझ्या तोंडात आला. भोकातून खालची जमीन दिसत होती.

नानांनी काही न बोलता पाय खाली घेतला, पेडलवर ठेवला आणि घाटात देतात तसा जोर दिला. पेडल खाली गेले नाही. बोल्टसकट, पट्टीसकट एका अंगाला कलंडले.

 आई अंगणात पदराला हात पुसत उभी होती. चाचांच्या हातात पेढा तसाच होता.

"शिमग्यापासून वाटत होतं मला," नाना शेवटी म्हणाले. "पेडल जरा बसतंय म्हणून."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तू एवढं घासून काढलं. वाटलं, तू शिकलेली. तू बघितलं असंल."

याला मी काही शास्त्रीय उत्तर देऊ शकले असते. चूक दोघांची म्हणता आली असती. तेवढ्यासाठी वाक्य तयारही झाले होते, नीट बांधलेले. मी ते गिळले. त्याला गंजाची चव होती.

"मी ऐकलं होतं, नाना. घासतानाच. तेव्हाच हा आवाज आला होता. मी वरून काढा लावला."

नाना माझ्याकडे पाहत राहिले. मग समोर, हाराच्या मागून दिसणाऱ्या रस्त्याकडे. त्यांच्या तोंडात तंबाखूचा तोबरा होता आणि काही बोलायचे तर तो थुंकणे भाग होते. सवयीने त्यांनी मान खिडकीबाहेर काढली. खाली मी घासून, काढा लावून, कोरे करकरीत केलेले दार होते. नाना तसेच क्षणभर वाकून राहिले. मग मान आत घेतली. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. तोबरा त्यांनी गिळला होता. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, डोळ्यांत पाणी आले, आणि मला भडभडून आले, किळस आणि दुसरे काही तरी यांच्या अशा मिश्रणाने, ज्याचे घटक मला आजही वेगळे करता आलेले नाहीत.

"हनीफ," नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माल खाली करू. मग काप सगळं."

"आज दसरा हाय, नाना. हत्यारं पूजेत हायेत."

नाना ट्रकवरून उतरले, पाटापाशी गेले आणि वाकून पाना उचलला. त्यावरचे झेंडूचे फूल त्यांनी आईच्या हातात दिले. मग दुसरा पाना उचलून माझ्याकडे धरला.

"बोल्ट तू काढ," ते म्हणाले. "आणि हे बघ, सगळं काळं निघेपर्यंत थांबायचं नाय."